पिशवी काही महिने तशीच पडून होती

मागच्या अंकात मी एल अनात्सुई या शिल्पकाराच्या कामाचा एक फोटो आणि खाली चार ओळी दिल्या होत्या. दारूच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची टोपणं कापून, चेचून, दुमडून, तांब्याच्या तारेनं एकमेकांना जोडून केलेला भिंतभर पडदा, त्याला मी वस्त्र म्हटलं होतं. मूळचे घानाचे, आयुष्य नायजेरियात गेलं, वय ऐंशीच्या पुढं. एवढंच लिहिलं होतं. त्यावर जेवढी पत्रं आली तेवढी माती मळण्यावर लिहिलं तेव्हा आली नव्हती, ब्राँझच्या ओतकामावरही नाही. एकांनी तर पोस्टकार्डावर एवढंच लिहिलंय, ‘भंगार छापायला कागद परवडतो कसा?’ साहेब, आपल्या मासिकाचा कागदही निम्मा रद्दीचाच असतो. बाकीच्यांना सावकाश उत्तरं देते.

इचलकरंजीहून एक यंत्रमागधारक लिहितात: ‘बाई, आमच्या तीन पिढ्या कापडात गेल्या. तुम्ही त्या पत्र्याच्या पडद्याला वस्त्र म्हटलंत. ताणा नाही, बाणा नाही, ते वस्त्र कसलं? माझ्या आईची गोधडी त्याच्यापेक्षा सरस. हा माणूस विणकर आहे का शिल्पकार, एकदा नक्की सांगा.’

दादा, शिल्पकार. मागावर ते कधी बसले नाहीत. पण तुमच्या प्रश्नाला जागा आहे, कारण विणकराच्या घरातून ते आलेत हेही खरं.

१९४४ साली, घाना अजून ब्रिटिशांचा गोल्ड कोस्ट होता तेव्हा, केटा खाजणाच्या काठी अन्याको नावाच्या गावात त्यांचा जन्म झाला. समाज एवे. वडील मासेमारी करायचे आणि केंटे नावाचं तिथलं कापड विणायचे, भाऊही विणायचे. वडिलांच्या बत्तीस मुलांतलं हे शेंडेफळ. आई लवकर गेली, तेव्हा नात्यातल्या एका प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकाकडं मिशनच्या घरात त्यांची रवानगी झाली. माग राहिला गावाकडं, पोरगं वाढलं मिशनच्या शिस्तीत.

केंटे कसं होतं ते तुम्हाला सांगायला मला आवडेल, कारण तुमच्या मागापेक्षा ते फार वेगळं आहे. तिथला माग अरुंद. त्यातून निघते ती जेमतेम चार बोटं रुंदीची लांबलचक पट्टी. अशा पट्ट्या काठाला काठ लावून शिवत गेलं की अंगावर घ्यायचं वस्त्र होतं. म्हणजे पन्हा मागावर ठरत नाही, सुई ठरवते. आता फोटो पुन्हा बघा. टोपणांच्या पट्ट्या, पट्ट्यांचे तुकडे, तुकड्याला तुकडा. सूत त्यात औषधालाही नाही, पण रचायची रीत केंटेची आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये त्यांची एक जोडी आहे, तिची नावं त्यांनीच ठेवलीत, ‘मॅन्स क्लॉथ’ आणि ‘वुमन्स क्लॉथ’. तेव्हा वस्त्र हा शब्द माझ्या पदरचा नाही.

ताणा-बाण्याचं म्हणाल तर एकदम कबूल, नाही. प्रत्येक तुकड्याला कडेनं भोकं, त्यातून तार, तार पिरगळून गाठ. धागा नाही म्हणून दिशा नाही. कापड उभं ओढलं तर एक वागतं, तिरकं ओढलं तर दुसरं वागतं, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. हा पडदा सगळीकडून सारखाच वाकतो. म्हणून त्याला चुण्या पडतात, फुगे येतात, मधेच ओघळ येतो.

गोधडीचं मात्र मी जरा भांडून सांगते. आपल्याकडं हा फोटो दाखवला की दहातले आठ जण ‘गोधडीच की!’ म्हणतात. चिंध्या जोडल्या एवढ्यापुरतं ठीक. पण गोधडीला अस्तर असतं, आत जुनं लुगडं असतं, धावदोरा सगळ्यांना एकत्र दाबून धरतो. इथं मागं काहीच नाही. फटींतून भिंत दिसते. आधार कुठला म्हणाल तर शेजारच्या तुकड्याचा.

आणखी एक, आणि ही गोष्ट तुम्हाला आवडेल. त्याची घडी होते. दहा मीटर रुंदीचं काम घडी घालून लहानशा पेटीत भरतात आणि विमानानं पाठवतात. ज्या संग्रहालयाकडं ते जातं तिथल्या माणसांनी ते उलगडून हवं तसं टांगायचं. कुठं चुणी घ्यायची, कुठं सैल सोडायचं, याचा नकाशा शिल्पकार देत नाहीत. एकच काम न्यूयॉर्कला एक दिसतं आणि म्युनिकला दुसरं. तुमच्या घरातल्या बाई नऊवारी नेसतात का? मग हे मी तुम्हाला समजावायची गरज नाही. लुगडं कपाटात असतं तेव्हा त्याला आकार कुठं असतो?

सांगलीहून एक वाचक: ‘आपले मासिक घरातील मुलेही वाचतात. दारूच्या टोपणांचे कौतुक छापण्याची काय गरज? दुसरे टाकाऊ साहित्य जगात नाही का?’

आहे की, आणि ते त्यांनी वापरलंही आहे. डबाबंद दुधाची झाकणं. कसावा नावाचा कंद किसायच्या गंजलेल्या किसण्या, त्यांची त्यांनी अख्खी भिंत उभी केली. वर्तमानपत्राच्या छपाईला वापरून फेकलेल्या ॲल्युमिनियमच्या प्लेटा, त्यांच्या चुरगळलेल्या, पुरुषभर उंचीच्या पिशव्या केल्या. पण दारूच्या टोपणाला दुसरं काही बदली चालणार नाही, कारण दारू तिथं कशी पोचली हाच विषय आहे.

युरोपचे व्यापारी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आले तेव्हा देवघेवीच्या मालात दारू होती. बदल्यात सोनं गेलं, पुढं माणसं गेली. ती माणसं जहाजानं अटलांटिकपार उसाच्या मळ्यांत. उसाची मळी, मळीची रम, आणि रम परत याच किनाऱ्यावर, आणखी माणसं विकत घ्यायला. आपण सांगली-कोल्हापूरची माणसं. मळी म्हणजे काय आणि मळीपासून काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. कारखान्याच्या बाजूनं गाडी गेली की काच वर करावी लागते. घानाच्या किनाऱ्यावर केप कोस्ट आणि एल्मिना इथं ते किल्ले अजून उभे आहेत, ज्यांच्या तळघरात जहाज येईपर्यंत माणसं कोंडून ठेवायचे.

मी हे काम प्रत्यक्ष पाहिलं २०२४ च्या फेब्रुवारीत. लेक लंडनला असते, तिच्याकडं गेले होते. टेट मॉडर्न हे संग्रहालय जुन्या वीजकेंद्रात आहे. त्याचा टर्बाइन हॉल म्हणजे पस्तीसेक मीटर उंचीची पोकळी. तिथं अनात्सुईंचं ‘बिहाइंड द रेड मून’ टांगलेलं होतं, तीन भागांत. शिरल्याबरोबर डोक्यावर लालभडक शीड, वाऱ्यानं फुगल्यासारखं, त्यावर चंद्राचा गोल. पुढं गेलं की हवेत तरंगणाऱ्या झिरझिरीत माणसांच्या आकृत्या, सुट्या सुट्या, पांगलेल्या. मी त्यांच्याखाली इकडंतिकडं फिरत होते. एका ठिकाणी पाय थांबला आणि त्या सगळ्या मिळून एक पूर्ण गोल झाला. पृथ्वी. एक पाऊल सरकलं की पुन्हा पांगापांग. शेवटी एक काळी भिंत, वरून जमिनीपर्यंत आलेली, तळाशी लाटांसारखी गोळा झालेली.

काळ्या भिंतीच्या मागं गेले तर तिथं भलताच रंगीबेरंगी पसारा. आणि तारेची टोकं. हजारो टोकं, प्रत्येक हातानं पिरगळून आत दाबलेलं. माझा चष्मा वाचायचा, मान वर केली की सगळं धूसर व्हायचं. शेवटी लेकीनं फोनवर फोटो काढून मोठा करून दाखवला. एका पट्टीवर ब्रँडचं नाव अर्धं वाचता येत होतं. अख्खी जहाजं, किल्ले, मळे सोडा, ते अर्धं नाव बघून माझ्या पोटात काहीतरी हललं. कुणीतरी कुठल्यातरी संध्याकाळी ते टोपण फिरवून उघडलं होतं.

या टेट संग्रहालयांचे मूळ दाते हेन्री टेट साखरेचे कारखानदार होते. अनात्सुईंना तिथं काम टांगायला बोलावलं आणि त्यांनी शीड टांगलं. तेव्हा मुलांनी हे वाचू नये असं मला काही वाटत नाही.

पुण्याहून एक निवृत्त अभियंते: ‘मी फोटोवरून अंदाज केला. एका कामात काही हजार टोपणे असावीत. एक माणूस हे करूच शकणार नाही. मग मजुरांनी केलेल्या कामावर यांची सही कशी?’

तुमचा हिशेब बरोबर आहे, फक्त कमी आहे. मी करून बघितलं.

आमच्या उद्यमनगरच्या अलीकडं एक भंगारवाला आहे, माझ्या पंचवीस वर्षांच्या ओळखीचा. त्याला म्हटलं, इंग्लिश दारूची ॲल्युमिनियमची टोपणं हवीत, सोडावॉटरची बुचं नकोत. त्यानं माझ्याकडं, मग माझ्या पिशवीकडं पाहिलं. ‘मॅडम, सर बरे आहेत न्हवं?’ दोन किलो दिली. तार आणली मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून, जळक्या वाइंडिंगमधली. पत्रा कापायची कात्री, बारीक खिळा, हातोडी, खाली चिंचेचा ओंडका.

टोपण उभं चिरायचं, वरची चकती सुटी करायची, कडेचा पत्रा सपाट करायचा. साधारण नऊ सेंटिमीटर लांब आणि तीन रुंद पट्टी मिळते. चारी कोपऱ्यांना खिळ्यानं भोक. तार ओवायची, दोन पीळ द्यायचे, टोक दाबायचं. पहिल्या अर्ध्या तासात अंगठा दोनदा कापला. चाळीस पट्ट्या जोडायला मला तीन तास लागले आणि झाला केवढा तुकडा, तर ताटावर झाकायच्या रुमालाएवढा. सपाट पट्ट्या घेतल्या तर चौरस मीटरला साडेतीनशेच्या वर लागतात, दुमडून घेतल्या तर दुप्पट. दहा बाय सहा मीटरचं काम धरा. चाळीस हजारांपर्यंत जातं. माझ्या वेगानं एकटीनं करायचं तर रोज आठ तास आणि वर्षभर. रविवारची सुट्टी नाही. तीनशे पासष्ट दिवसही पुरायचे नाहीत.

तेव्हा माणसं लागतातच. नायजेरियातल्या न्सुक्का गावच्या त्यांच्या कामशाळेत तरुण पोरं डझनांनी बसून हे करतात, आणि ही गोष्ट त्यांनी कधी लपवलेली नाही. पोरं लहान लहान तुकडे जोडून देतात, कुणाचा तुकडा घट्ट, कुणाचा सैल, जसा ज्याचा हात. अनात्सुई ते तुकडे जमिनीवर मांडतात, वरून बघतात, फोटो काढतात, हलवतात, पुन्हा बघतात. हे महिनोन्महिने चालतं.

आता सहीचं. आपल्याकडं चौकात जो ब्राँझचा पुतळा असतो, त्याच्या चौथऱ्यावर नाव कुणाचं असतं? ज्यानं मातीत घडवला त्याचं. साचा घेणारे, मेण भरणारे, भट्टीवर रात्र काढणारे, जोड घासून पुसणारे, यांची नावं मी तरी कुठल्या चौथऱ्यावर वाचली नाहीत. ती असायला हवीत असं तुमचं म्हणणं असेल तर मी तुमच्या बाजूनं. पण मग सुरुवात घरापासून करू.

तासगावहून एक आई: ‘मुलगा कला महाविद्यालयात शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉटखाली सायलेन्सर, चेन, गिअर भरून ठेवलेत. त्याचे वडील म्हणतात, त्यापेक्षा भंगाराचं दुकान टाक. तुमचा लेख त्यानं कापून भिंतीला लावलाय. मॅडम, या अनात्सुईंचं पोट कशावर चाललं?’

ताई, पगारावर.

लोक बातमीत वाचतात ते शेवटचं पान. २००७ साली व्हेनिसच्या बिएनालेच्या, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनाच्या वेळी, फोर्चुनी या जुन्या राजवाड्याची दर्शनी बाजू त्यांनी आपल्या पडद्यानं झाकली आणि जगाचं लक्ष गेलं. २०१५ साली त्याच व्हेनिसनं जीवनगौरवाचा सुवर्णसिंह दिला. लिलावात त्यांच्या कामाला दहा लाख डॉलरच्या वर बोली लागली. मुलानं हे सगळं तुम्हाला सांगितलं असेलच. त्याला विचारा, २००७ साली अनात्सुई किती वर्षांचे होते? त्रेसष्ट.

आधीची पानं मी सांगते. घाना स्वतंत्र झाला १९५७ साली, तेव्हा ते तेरा वर्षांचे. पुढं कुमासीच्या कला महाविद्यालयात शिकले. अभ्यासक्रम लंडनच्या धर्तीवरचा, आपल्या जे. जे.सारखाच. डोळ्यांसमोर प्लास्टर आणि युरोपची नाकं. पदवी घेतली आणि विनेबा गावातल्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात शिकवायला लागले. तिथं त्यांनी काय केलं, तर बाजारात गेले. बाया ज्यावर मासळी आणि फळं मांडून विकतात ते लाकडी गोल तबक. ती तबकं आणून त्यांवर तापल्या सळईनं डाग देऊन अदिंक्रा चिन्हं उठवली. ही अकान लोकांची जुनी चिन्हं, एकेका चिन्हात एकेक म्हण. त्यातलं एक ‘सांकोफा’, मान मागं वळवलेला पक्षी. विसरलेलं मागं जाऊन उचलून आण, असा त्याचा अर्थ. कॉलेजनं जे शिकवलं नव्हतं ते शिकायला हा शिल्पकार कारागिरांकडं जाऊन बसत होता.

१९७५ साली नायजेरियात न्सुक्का विद्यापीठात नोकरी लागली. मग पस्तीसएक वर्षं तिथंच शिकवलं. परक्या मुलखात, राजधानीपासून लांब. तिथं आधी फुटक्या मडक्यांची मालिका केली. १९८० साली अमेरिकेत एका निवासी कार्यशाळेत झाडं कापायची यांत्रिक करवत हाती आली. त्या करवतीनं लाकडाच्या फळ्या फाडल्या, जाळल्या, रंगवल्या. बर्लिनला टेबलाभोवती बसून युरोपीय सत्तांनी आफ्रिकेचा नकाशा जसा फाडला तशी ती करवत लाकूड फाडते, असं त्यांना दिसलं. या फळ्याही सुट्याच असायच्या, मांडणाऱ्यानं क्रम बदलला तरी चालायचा. तुमच्या लक्षात येतंय का? पडद्याचा स्वभाव लाकडातच ठरला होता, टोपणं नंतर आली.

ती आली १९९८ साली. न्सुक्काजवळ रानात फिरताना दारूच्या टोपणांनी भरलेली एक पिशवी पडलेली दिसली. उचलली आणि कामशाळेत आणून ठेवली. आणि ठेवलीच. काही महिने ती तशीच पडून होती. चोपन्न वर्षांचा माणूस, तीस वर्षं काम करतोय, बरीच प्रदर्शनं झालीत, आणि समोर पिशवी आहे, हिचं काय करायचं हे कळत नाही.

तुमच्या मुलाच्या कॉटखालच्या मालाबद्दल मला एवढंच म्हणायचंय की तो पडू दे. गिअरचा लगेच गरुड झालाच पाहिजे असं नाही. मी स्वतः हे पाप केलंय, म्हणून बोलते. चेन आणि फाळ वेल्ड करून मी एका नगरपालिकेच्या बागेसाठी बैल केला होता, साडेसहा फुटी. उद्घाटन झालं, हार पडले. पाच वर्षांनी बाग दुरुस्तीला काढली तेव्हा मुकादमानं बैल किलोवर विकला. मला कळलं ते माझ्याच भंगारवाल्याकडून. ‘मॅडम, तुमचा बैल आलाय.’ रडले, भांडले, पत्रं लिहिली. आणि दोनेक वर्षांनी, राग उतरल्यावर, स्वतःशी कबूल केलं की त्या बैलात बैल होता पण फाळ नव्हता. नांगराचा फाळ वापरून मी त्याला फक्त लोखंड केलं होतं. मुकादमानंही तेच केलं.

म्हणून मुलाला माझ्या वतीनं दोन गोष्टी विचारा. एक, हे गिअर तुझ्या गावचे का? मोटारसायकलच्या चेनचे घोडे आता दर जिल्ह्यात आहेत. तासगावात कशाचा खच पडतो? द्राक्षबाग मोडली की बांधावर ठिबकच्या काळ्या नळ्यांची वेटोळी पडतात, मांडवाच्या तारा, वाकलेले अँगल. त्या नळीच्या प्रत्येक भोकापाशी एक वेल जगलेली असते आणि त्या वेलीमागं कुणाचंतरी कर्ज असतं. त्याला ते दिसतं का बघा. दिसलं नाही तरी घाई नाही.

दुसरं, तो नोकरी करेल का? शाळेत, कॉलेजात, फौंड्रीत, कुठंही. शिल्प सोडायला नव्हे, पिशवी पडून राहू द्यायला. मलाही एकतीस वर्षं पगार होता, म्हणूनच घरात चार टन लोखंड साठवता आलं. वडिलांनाही हे वाचून दाखवा. भंगाराच्या दुकानाची त्यांची कल्पना तशी वाईट नाही, माल तरी पहिल्या हाताचा मिळेल.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या समुद्राकाठच्या एका प्राथमिक शाळेचे शिक्षक: ‘दर वर्षी टाकाऊतून टिकाऊ स्पर्धा असते. या वर्षी मुलांकडून अनात्सुईंसारखा पडदा करून घ्यावा म्हणतो. मार्गदर्शन करावे.’

गुरुजी, आधी त्या नावावरचा माझा राग ऐकून घ्या. टाकाऊतून टिकाऊ म्हटलं की आइस्क्रीमच्या काड्यांचं घर, बाटलीचं पेनस्टँड, सीडीचा मोर. आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी पालक दुकानातून नव्या काड्यांचं पाकीट आणतात. टाकाऊही नाही, टिकाऊही नाही. अनात्सुईंना आपल्या कामाला पुनर्वापर म्हटलेलं रुचत नाही. टोपण पुन्हा टोपणाच्या कामी येत नाही, त्याचं दुसरंच काही होतं. आणि माणसाच्या हाताळण्यातून वस्तूत काहीतरी उतरतं असं ते मानतात. मुलांना स्पर्धेच्या आधी एवढं एक सांगा, वस्तू आणाल तेव्हा ती कुणी वापरली होती ते विचारून या.

दारूची टोपणं प्राथमिकच्या मुलांच्या हाती देऊ नका. सांगलीच्या वाचकांमुळं नाही, त्या पत्र्याच्या धारेमुळं. माझा अंगठा चार दिवस पट्टीत होता.

तुमचं गाव समुद्राकाठचं. किनाऱ्यावर फाटक्या नायलॉन जाळ्यांचे तुकडे, दोरांची टोकं, जाळ्याची फुटकी बोयरी येऊन पडतात की नाही? तेच घ्या. मुलांतली निम्मी जाळं विणणाऱ्यांच्या घरची असतील, गाठ मारायला तुम्हाला शिकवतील. गोंद आणू नका, फेव्हिकॉल कपाटात राहू दे. जे जोडायचं ते गाठीनंच. प्रत्येकानं वहीच्या पानाएवढा तुकडा करायचा, घट्ट झाला तर घट्ट, सैल झाला तर सैल, उसवून पुन्हा करायला लावू नका. मग सगळे तुकडे वर्गात जमिनीवर मांडा आणि मुलांना बाकावर उभं करून वरून बघू द्या. कुठला तुकडा कुठं जाईल यावर भांडणं होतील. होऊ द्या, काम तिथंच आहे.

टांगताना मात्र एक करा. पहिली ते चौथी, प्रत्येक वर्गाला एकेक दिवस द्या आणि ज्यानं त्यानं आपल्या पद्धतीनं टांगायचं. परीक्षकांना चार दिवस यायला सांगा. येणार नाहीत, पण सांगा. चारही दिवसांचे फोटो मला पाठवा, इथं छापू.

माझा रुमालाएवढा तुकडा स्वयंपाकघराच्या खिडकीला टांगलाय. कामाला येणाऱ्या मावशींनी परवा त्याच खिळ्याला लसणाची माळ अडकवली. वजनानं पट्ट्या एका बाजूला ओढल्या गेल्या आणि मधोमध एक छान चुणी पडली. तीन आठवडे जे मला जमत नव्हतं ते झालं. लसूण निम्मा संपलाय, आता नवीन माळ आणायला हवी.